कांस्यमूर्ती आणि सीमाशुल्काचा रकाना

परदेशी ग्राहकाला ऑनलाइन विकलेल्या वस्तूवर किती आयातशुल्क पडेल हे मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरते: ती वस्तू कोणती, ती कोणत्या देशात तयार झाली आणि तिची किंमत काय. या विषयात वाचकांचे कुतूहल बहुधा शुल्काच्या दराविषयी असते. परंतु कुंभकोणमच्या परिसरातून, म्हणजे स्वामिमलैच्या कांस्यमूर्ती आणि नाचियारकोविलचे हंस बसवलेले पितळी दिवे जिथून जगभर जातात तिथून पाहिले, तर सर्वांत अवघड प्रश्न पहिलाच ठरतो.

2025 पूर्वी तो फारसा जाणवत नव्हता, कारण अमेरिकेत 2016 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना शुल्क माफ होते. अशा मर्यादेला ‘डी मिनिमिस’ म्हणतात आणि किरकोळ रकमेसाठी कागदपत्रांचा व्याप वाढू नये हा तिचा हेतू असतो. 29 ऑगस्ट 2025 रोजी ही सवलत सर्व देशांसाठी थांबली. दोनच दिवस आधी भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेले होते. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले स्वीकारणे थांबवले, आणि 15 ऑक्टोबरला सेवा सुरू झाली ती जाहीर किमतीच्या 50 टक्के शुल्क बुकिंगच्या वेळीच भरून घेण्याच्या व्यवस्थेसह. 300 डॉलरच्या ज्या मूर्तीवर जुलैमध्ये शुल्क नव्हते, तिच्यावर त्या ऑक्टोबरमध्ये 150 डॉलर पडू लागले. ब्रिटनने जानेवारी 2021 मध्ये आणि युरोपीय संघाने जुलै 2021 मध्ये छोट्या पार्सलांना मूल्यवर्धित करात असलेली माफी आधीच काढून घेतली होती, हे लक्षात घेता ही दिशा एकट्या अमेरिकेची नाही.

या बदलानंतरही काही गैरसमज चिवटपणे टिकून आहेत. डाकखर्च भरला म्हणजे सारे भरले असे ग्राहक मानतो; वास्तविक शुल्क हे आयात करणाऱ्याचे देणे असून, ते विक्रेत्याने आधीच भरण्याच्या पद्धतीला ‘डीडीपी’ आणि ग्राहकाने माल घेताना भरण्याच्या पद्धतीला ‘डीएपी’ म्हणतात. भौगोलिक मानांकन मिळाले की शुल्क कमी होते, हाही भ्रमच होय. ते मानांकन नावाचे रक्षण करते, त्याचा दराशी संबंध नाही. सर्वांत खेदजनक सल्ला म्हणजे विकलेल्या मालावर ‘भेटवस्तू’ असे लिहिण्याचा. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला अमेरिकेत माफी आहे, पण विक्रीला भेट म्हणणे हे खोटे निवेदन असून त्याने प्रामाणिक कारागिराचे पार्सलही संशयात सापडते.

आता मूळ प्रश्न: वस्तू कोणती? 1988 पासून लागू असलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’मध्ये प्रत्येक वस्तूला सहा अंकी क्रमांक असतो आणि पुढचे अंक प्रत्येक देश आपले आपण जोडतो. त्यात साध्या धातूच्या शोभेच्या मूर्ती 8306 या शीर्षकाखाली येतात, तर मूळ शिल्पकृती 9703 खाली. स्वामिमलैचा स्थपती, म्हणजे मूर्तिकार, मेणात मूर्ती घडवतो, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतो, तापवून मेण बाहेर काढतो, पोकळीत धातू ओततो आणि अखेरीस साचा फोडतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त वर्णिलेली हीच पद्धत आहे. तरीही 97 व्या प्रकरणाची टीप व्यापारी स्वरूपाच्या रूढ कारागिरीला, ती कलावंताने केलेली असली तरी, 9703 मधून वगळते. आणि तालमानाचे, म्हणजे मूर्तीच्या ठरलेल्या प्रमाणांचे, शास्त्र पाळणे हाच ज्या कलेचा धर्म आहे, तिला ‘रूढ’ ठरवणे अगदी सोपे जाते. 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी शिल्पकार ब्रांकुशी यांच्या ‘बर्ड इन स्पेस’ या शिल्पाला कलाकृती न मानता 40 टक्के शुल्क लावले होते आणि 1928 मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तिथे रूढीपासून दूर जाण्याला अखेर न्याय मिळाला. रूढीत राहून श्रेष्ठ होण्याला शुल्कसूचीत अजून जागा नाही, आणि हा अन्याय आहे असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

वस्तूच्या वर्णनाला आणखी एक बाजू आहे. कुंभकोणमजवळच्या शिवपुरम येथील नटराज 1950 च्या दशकात दुरुस्तीसाठी दिला असता देवळात नक्कल परतली, अस्सल मूर्ती परदेशी संग्राहक नॉर्टन सायमन यांच्याकडे पोचली आणि 1986 मध्ये भारतात आली. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींच्या खासगी निर्यातीला 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. त्यामुळे जुनी भासणारी नवी मूर्ती पाठवताना ती पुरावस्तू नसल्याचे पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र जोडणे हिताचे असते.

दर बदलतील, कदाचित हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंतही. परंतु वस्तू ओळखण्याची ही रचना सहजी बदलणार नाही. म्हणून प्रत्येक मूर्तीसोबत स्थपतीचे नाव, घडणीचे वर्ष, पद्धत, धातू आणि खरी किंमत यांची लेखी नोंद जाणे, आणि ग्राहकाला शुल्कासह एकूण रक्कम आधी सांगणे, एवढे विक्रेत्याच्या हाती आहे. अशा नोंदीने 9703 चे दार उघडेलच असे नाही. मात्र भारताने ती टीप बदलण्याची मागणी जागतिक सीमाशुल्क संघटनेपुढे मांडायची ठरवली, तर पुरावा म्हणून याच नोंदी लागतील, आणि त्या ठेवण्याचे काम आजपासूनच सुरू झाले पाहिजे.