फ्रान्स्वा पोस्टमनला हसताना

आम्ही पाच-सहा जणांनी परवा जाक ताती यांचा 'झूर द फेत' पाहिला. १९४९ साली प्रदर्शित झालेला हा फ्रेंच विनोदी चित्रपट. नावाचा अर्थ जत्रेचा दिवस. पहिला अर्धा तास पोट धरून हसलो. मग एकेक जण गप्प होत गेला.

एक गाव. फ्रान्स्वा तिथला पोस्टमन, सायकलवर टपाल वाटणारा, उंचच उंच आणि धांदरट. (भूमिका खुद्द तातींचीच.) जत्रेसाठी चौकात खांब उभारायचा तर फ्रान्स्वाला पुढे करायचे, आणि मग दारू पाजून त्याचीच टवाळी. राबायला पुढे, मानाला मागे. ही रीत ओळखायला आम्हाला फ्रेंच यावे लागले नाही.

पण तुलना ताणू नये. गाव ज्या गुत्त्यात पिते तिथेच फ्रान्स्वा पितो. त्याच्या हाताचा विटाळ कुणाला होत नाही. आमच्यातल्या एकाचे आजोबा टपाल वाटायचे. काही घरी पत्र ओट्यावर ठेवून मागे सरायचे, असा दंडक होता. त्यांच्यावर विनोदी चित्रपट कुणी काढला असता का, आणि काढला असता तर हसले कोण असते?

तंबूत अमेरिकन टपालखात्याचा माहितीपट दाखवतात. विमाने, वेग! गाव डिवचते आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्स्वा जिवाच्या आकांताने सायकल हाणतो. चालत्या ट्रकला मागून चिकटून, त्याच्या फळीवर पत्रांना शिक्के मारतो. शर्यतीतल्या सायकलपटूंना मागे टाकतो. शेवटी सायकलीसकट नदीत. त्याला विमान कुणी दिले नाही, वेग मात्र मागितला. दहा मिनिटांत सामान पोचवणारी आपल्या वस्तीतली पोरे आठवा. दुचाकी त्यांची, पेट्रोल त्यांचे, घाई दुसऱ्याची.

गंमत म्हणजे तातींनी चित्रपट एका नव्या रंगीत पद्धतीने घेतला होता. त्या प्रती निघेनातच! सोबत चालवलेल्या साध्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याने तारले. रंगीत आवृत्ती आली ती १९९५ साली.

शेवटी फ्रान्स्वा गवत गोळा करणाऱ्यांच्या मदतीला थांबतो आणि त्याची पिशवी घेऊन एक पोरगा पळत सुटतो. एक मित्र म्हणाला, शेवट गोड झाला. दुसरा म्हणाला, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी? रात्री एक वाजेपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.