एक लालभडक फजिती

मैत्रिणींनो, हौसेनं घेतलेली आणि महिन्याभरात माळ्यावर गेलेली एखादी तरी वस्तू प्रत्येकीच्या घरात असतेच. तेव्हा आजची गोष्ट जपानची असली, तरी तुम्हाला परकी वाटायची नाही.

माझ्या भाच्याला जुन्या व्हिडिओ गेमचं भारी वेड. "मावशी, तुला एका यंत्राची फजिती सांगतो," म्हणत त्यानं सुरुवात केली, आणि निवडायची मेथी बाजूला ठेवून मी ऐकत बसले. मग कुतूहल वाटलं म्हणून स्वतः वाचूनही काढलं.

यंत्राचं नाव 'व्हर्च्युअल बॉय'. क्योतोच्या निन्टेंडो कंपनीनं ते जुलै १९९५मध्ये जपानात आणि महिन्याभरानं अमेरिकेत विकायला आणलं. किंमत १५,००० येन! टेबलावर दोन पायांवर उभं राहणारं, दुर्बिणीसारखं हे धूड. त्यात डोळे खुपसायचे, की आतली चित्रं सपाट न दिसता खोलवर, खरीखुरी उभी दिसायची. दिसत होती हो, पण सगळी लाल! काळ्याकुट्ट अंधारात चेंडू लाल, खेळाडू लाल, झाडंसुद्धा लाल. जणू तिखटाच्या डब्यात डोकं घातलंय!

लालच का? तर लाल दिवे स्वस्त आणि वीज कमी खाणारे. काटकसर आपल्याला कळते. पण या काटकसरीनं लोकांचे डोळे दुखले, डोकी ठणकली. वाकून बसल्यानं माना अवघडल्या त्या वेगळ्याच. थोड्या थोड्या वेळानं खेळ आपोआप थांबावा, अशी सोय यंत्रातच होती. वर सात वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये, अशी सूचना. आता सांगा, हे खेळणं म्हणायचं की औषधाची बाटली?

मला मात्र खटकलं ते वेगळंच. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपलाही डोळेच लावायचे असत. पण तिथं शेजारच्या भोकाशी दुसरं पोर असे, बायोस्कोपवाल्याचं गाणं असे, मागच्यांची ढकलाढकली असे. इथं एकजण आत, आणि बाकीच्यांनी त्याच्या डोक्याची मागची बाजू बघत बसायचं! दोघांनी मिळून खेळायची सोय तर कधी आलीच नाही. ज्या खेळात बघणाऱ्याला वाटा नाही, तो चारचौघांच्या घरात कसा रमणार?

जेमतेम २२ खेळ निघाले. सारी मिळून पावणेआठ लाखांच्या आसपास यंत्रं खपली. वर्ष पुरं व्हायच्या आत गाशा गुंडाळला.

इथवर मी पोट धरून हसले. मग कर्त्याचं नाव वाचलं, गुनपेई योकोई, आणि हसू ओसरलं. हा माणूस १९६५ साली कंपनीत लागला, तेव्हा कंपनी पत्ते बनवायची आणि याचं काम पत्ते बनवणारी यंत्रं नीट चालू ठेवणं. रिकाम्या वेळात त्यानं लांब होणारा एक खेळण्यातला हात केला. तो मालकांनी पाहिला, १९६६मध्ये बाजारात आणला, आणि धडाक्यानं खपला. पुढं १९८९चा 'गेम बॉय' याच्याच हाताखाली घडला. त्याचा रंगीत भाऊ धरून तो ११ कोटींहून अधिक खपला!

योकोईंचं सूत्र ऐका : जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करायचा. अहो, हा तर आपला फोडणीचा भात! गेम बॉयचा पडदाही साधाच, बिनरंगी होता. पण सेल पुष्कळ टिकत, यंत्र खिशात मावे आणि तार जोडून मित्राशी खेळता येई. तीच काटकसर, तोच हात. एकदा भात जमला, एकदा करपला.

१९९६मध्ये त्यांनी कंपनी सोडली, आणि ऑक्टोबर १९९७मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अवघं छप्पन्न. आजही त्यांचं नाव निघालं, की कुणीतरी त्या लाल डब्याची आठवण काढतंच.

आपल्याला हे नवं नाही. वर्षानुवर्षं दोन्ही वेळची चव सांभाळावी, आणि पाहुण्यांनी आठवण ठेवावी ती खारट झालेल्या एका आमटीची! हसावं, बायांनो, जरूर हसावं. फक्त हसता हसता उरलेल्या जेवणाचीही आठवण ठेवावी.