बांकाबाईची वकिली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी मारबतींचे पुतळे पाहायला मी लहानपणापासून जाते. आधी बाबांच्या खांद्यावर बसून, मग कॉलेजच्या घोळक्यात. वकिली सुरू झाल्यापासून सोबतीला एकच जण असते, इतिहास शिकवणारी माझी मैत्रीण.

काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून गर्दी ओरडते आणि शेवटी त्यांना जाळते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बांकाबाई भोसले, असं नागपुरात सांगतात. एका वर्षी ढोलताशांच्या गजरात मैत्रीण माझ्या कानाशी ओरडली, "तू वकील नं? मग हिची बाजू कोणी मांडली, सांग!"

तिथून आमची मैत्री मुरली. कोर्टाला सुट्टी असली की आम्ही महाल भागात फिरायचो, भोसल्यांच्या वाड्याभोवती, आणि ती बोलत राहायची. बांकाबाई दुसऱ्या रघूजींची विधवा. 1817 ला भोसले इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरले, राजे अप्पासाहेब पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले. नाव बांकाबाईचं, कारभार रेसिडेंट जेंकिन्सचा. 1853 ला रघूजी निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं, राजघराण्याचे दागिने कलकत्त्याला लिलावात निघाले. एवढं होऊनही 1857 मध्ये या म्हाताऱ्या बाईनं आपल्या माणसांना उठावापासून रोखलं.

उरलंसुरलं घराणं वाचवायला, असं मैत्रीण म्हणते. मला ते पुरत नाही. बाहेर माणसं लढून मरत होती. त्यांच्यापुढे घराण्याची काळजी ठेवली, तर शिक्षा सौम्य होईल, निर्दोष सुटका कशी होईल?

"अगं, पण तैनाती फौजेचा तह 1816 मध्ये अप्पासाहेबांनीच केला नं? त्यांचा पुतळा कोणी जाळला?"

ते पुढच्याच वर्षी लढले, हे माझं उत्तर. पण तिचा प्रश्न त्यानं संपत नाही, हे मला ठाऊक आहे. राज्य बुडवायला इतके हात लागले, आणि राग सगळा एका विधवेच्या नावावर!

तरी मारबत बंद व्हावी, असं आम्हा दोघींनाही कधी वाटलं नाही. त्या गर्दीत उभं राहिल्यावर हे गाव आपलं आहे, हे अंगात भिनतं. आपलं आहे म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

निवृत्तीनंतर मैत्रीण बांकाबाईवर लिहिते आहे. प्रत्येक प्रकरण आधी माझ्याकडे येतं. मी समासात विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद लिहून ते परत पाठवते.