दुभाषा

नोव्हेंबर उजाडला, की भिलाईतल्या पेन्शनरांच्या घरांत हयातीच्या दाखल्याची चर्चा सुरू होते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय आली आणि बोटाच्या ठशावर हा दाखला घरबसल्या देता येऊ लागला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासऱ्यांना रांगेत उभे राहावे लागू नये, म्हणून एका मराठी घरातल्या सूनबाईंनी ठसे घेणारे छोटे यंत्रच विकत आणले.

पण यंत्र काही ठसा घेईना. सासऱ्यांनी अंगठा पुसून पाहिला, मग तर्जनी ठेवली. पडद्यावर तोच संदेश: ‘यंत्र सापडत नाही.’

“राहू दे पोरी,” ते खिन्नपणे म्हणाले. “सारी नोकरी कोक ओव्हनवर गेली. बोटांवरच्या रेषाच झिजल्या. आम्ही जिवंत आहोत हे आता यंत्रालाही पटेना.”

सूनबाईंना ते शब्द लागले. त्यांनी संदेश पुन्हा वाचला. ठसा जुळत नाही, असे त्यात कुठेच नव्हते. मग दोष बोटांचा कसा?

त्यांनी संगणकातले ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले. ठसायंत्राच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह होते आणि आत लिहिले होते, ‘कोड २८’. म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नव्हता!

“ड्रायव्हर? याला कशाला?”

“बाबा, कारखान्यात रशियन इंजिनिअर असायचे ना? त्यांचं बोलणं तुम्हाला कसं कळायचं?”

“दुभाषा असायचा की!” त्यांचा चेहरा खुलला. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे विस्ताराच्या काळातही ते तज्ज्ञ भिलाईत येत राहिले.

“ड्रायव्हर म्हणजे तोच. संगणक आणि यंत्र यांच्यातला दुभाषा.”

“मग तो भलत्याच भाषेचा आला असेल, बघ!”

सासऱ्यांचा तर्क अचूक निघाला. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा, संगणक मात्र ६४ बिटचा. सूनबाईंनी अर्धवट बसलेले सारे काढून टाकले, यंत्राची वायर सोडवली आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर उतरवून घेतला, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार देऊन बसवला आणि त्यानंतरच वायर जोडली.

यंत्रात दिवा लागला. सासऱ्यांनी अंगठा ठेवला. पहिल्या खेपेला जमले नाही. दुसऱ्या खेपेला ठसा जुळला. थोड्याच वेळात मोबाइलवर दाखल्याचा क्रमांक आला.

यंत्र अडले, की माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. पडद्यावरची ओळ नीट वाचायची राहून जाते.

सासरे आपला अंगठा उजेडात धरून कितीतरी वेळ न्याहाळत होते.

“रेषा आहेत गं अजून,” ते म्हणाले. “टाक चहा.”