कोब्रा काय, पाथर्डी काय!

२०२५च्या फेब्रुवारीत अकरा दिवसांच्या अंतराने दोन क्लायमॅक्स झाले. २ तारखेला अहिल्यानगरच्या (बोलताना अजूनही आपलं नगरच) वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी संपली, आणि १३ तारखेला नेटफ्लिक्सवर ‘कोब्रा काय’चा शेवटचा एपिसोड आला. पहिल्याच्या क्लिप्स व्हॉट्सअॅपवरच्या काका लोकांनी फिरवल्या, दुसऱ्याच्या ऑफिसातल्या ग्रुपने. दोन्हीकडे भांडण मात्र सेम टू सेम... पंचांनी दिलेला निकाल बरोबर होता का?

वाडिया पार्कवर काय झालं ते आठवत असेलच. गादी विभागाची फायनल. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षेला चितपट दिलं. राक्षेचं म्हणणं, खांदे टेकलेलेच नाहीत. वाद तापला आणि दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाने पंचाला लाथ मारली. शेवटच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. गदा मोहोळच्या खांद्यावर गेली आणि राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे-गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली.

आता रिवाइंड करा १९८४ला. ‘द कराटे किड’. न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला राहायला आलेला किडकिडीत डॅनियल आणि बाइकवरून फिरणारा, सोनेरी केसांचा, श्रीमंत घरातला जॉनी. शेवटच्या मॅचला डॅनियल एका पायावर बगळ्यासारखा उभा राहतो आणि दुसरा पाय जॉनीच्या तोंडावर. संपलं. हीरो जिंकला, टाळ्या. पण चेहऱ्यावर मारलेली ती किक नियमात बसत होती का, यावर लोक चाळीस वर्षं वाद घालताहेत. ‘कोब्रा काय’ ही सीरिज उभी आहे ती त्याच वादावर. २०१८मध्ये सुरू झाली (तेव्हा यूट्यूबच्या पैसे भरून बघायच्या सेवेवर, २०२०पासून नेटफ्लिक्सवर) तेव्हा जॉनी पन्नाशीकडे झुकलेला, मिळेल ते काम करणारा, बिअर पिणारा इसम आहे आणि डॅनियल चकाचक शोरूम असलेला कारवाला. बाजू उलटल्यात. सहा सीझन, पासष्ट एपिसोड, आणि जॉनीच्या डोक्यातून ती एक किक जाता जात नाही.

तुम्ही म्हणाल, यात पाथर्डी कुठून आली?

सांगते. पुण्याहून नगर, आणि नगरहून अजून पन्नासेक किलोमीटर. भिंगार सोडलं की कल्याण-विशाखापट्टणम हायवे तुम्हाला करंजी घाटात नेतो, मग तिसगाव, मग पाथर्डी. वीकएण्ड डेस्टिनेशनच्या यादीत हे नाव तुम्ही पाहिलं नसणार. धबधबा नाही, व्हाइनयार्ड नाही, धड एक ‘व्ह्यू’ असलेलं कॅफेही नाही. गर्भगिरीचे बोडके डोंगर, बाजरी, तूर, कपाशी. पाऊस आला तर आला. जे आहे ते देवाचं आहे. मढीला कानिफनाथांची समाधी. तिथली यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि रंगपंचमीच्या सुमाराला भरणारा गाढवांचा बाजार राज्यभर माहीत. आणि गावापासून आठ-दहा किलोमीटरवर, डोंगरावर, मोहट्याची देवी. मोहटादेवी, माहूरच्या रेणुकेचं रूप. नवरात्रात इथे पायी येणाऱ्यांची रांग रात्रभर तुटत नाही. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी, एकादशीला मोठी यात्रा. द्वादशीला हगामा.

हा शब्द लिहून घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला कुस्त्यांचं मैदान म्हणतात त्याला नगरकडे हगामा म्हणतात. मुंबईतल्या एका मैत्रिणीला तो ‘हंगामा’ वाटला होता. तसं फार चुकलं नाही तिचं. फ्लडलाइट नाही, स्कोअरबोर्ड नाही, रिप्ले तर नाहीच. ट्रॅक्टरने मोकळी केलेली माती, भोवती माणसांचं कडं, एका कोपऱ्यात हलगी. एण्ट्री फॉर्मही नाही! लांग चढवलेला पोरगा कड्याच्या आतून एक चक्कर मारतो, म्हणजे ‘मी आहे, कोण आहे?’ समोरून कोणी उठला की पंच दोघांना शेजारी उभं करून अंगावरून नजर फिरवतात, वजनाचा अंदाज घेतात, हात हातात देतात. जोड लागली. बक्षीस माइकवरून पुकारलं जातं. गर्दीतून कोणी वाढवतं, मग अजून कोणी.

सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची चिल्लर, चड्डी सांभाळत. जिंकला त्यालाही रेवडी, हरला त्यालाही. मग शंभर-दोनशेवाले, मग हजारांवर जाणारे, आणि दिवस कलताना शेवटची कुस्ती, जिच्यासाठी म्हातारी माणसं दुपारपासून जागा धरून असतात. निकाल लागला तर विजेता फेटा बांधून कड्याभोवती फिरतो आणि लोक हातात नोटा कोंबतात. नाही लागला तर पंच दोघांचे हात वर करतात. बरोबरीत सुटली. बक्षीस निम्मं-निम्मं. भांडण मिटलं का? छे! पुढच्या जत्रेला.

‘कोब्रा काय’ला जगभर डोक्यावर घेतलं गेलं ते नॉस्टॅल्जियामुळे, असं छापून आलंय. ऐंशीच्या दशकातली गाणी, हेडबॅण्ड वगैरे. मला ते अर्धंच पटतं. गंमत अशी आहे की ही सीरिज एका उपनगरातल्या, तालुक्याएवढ्या जगातल्या भांडणाला वर्ल्ड वॉरसारखं सीरियसली घेते. डोजोत जाणारी पोरं शाळेतलीच, मास्तर शेजारपाजारचे, कोणाच्या मुलीचं कोणाच्या मुलाशी जमतंय हे सगळ्यांना माहीत. ज्याला लहानपणी एका गावाने हरताना पाहिलं, त्याला त्याच गावात रोज दूध आणायला जावं लागतं, ही जॉनीची शिक्षा आहे. पाथर्डीत हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. इथे ‘त्या सालच्या मोहट्याला अमक्याने तमक्याला ढाकेवर घेतला’ हे वाक्य तीस वर्षं पारावर टिकतं. आणि तमका त्याच पारावर बसलेला असतो!

फरक एवढाच की हॉलिवूडला ती कुस्ती पुन्हा लावायला चौतीस वर्षं लागली. मोहट्याला दर द्वादशीला रीबूट असतो.

आता थोडं मियागी मास्तरांबद्दल. पॅट मोरिटा हा अभिनेता २००५मध्येच गेला, त्यामुळे सीरिजमध्ये तो आठवणींपुरताच आहे, पण सावली त्याचीच. पोराला कराटे शिकायचंय, हा त्याला गाड्या पुसायला लावतो, कुंपण रंगवायला लावतो. पोरगं वैतागतं, आणि मग कळतं की हात तेव्हाच तयार झाले. आपल्याकडच्या तालमीत हे काहीच नवं नाही. नव्या पोराला वस्ताद डाव शिकवत नाही. फावडं देतो. पहाटे आखाड्याची माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवायचं. थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं. ‘का?’ असं वस्तादांना विचारायची सोय नाही. सहा महिन्यांनी पाठ आणि खांदे उत्तर देतात. (‘कोब्रा काय’मध्ये याची मस्त टर उडवलीय. जॉनी आपल्या पहिल्या शिष्याला, मिगेलला, डोजो साफ करायला लावतो. मिगेल भक्तिभावाने विचारतो, हात कसा फिरवू? जॉनीला फक्त काचा पुसून हव्या असतात.)

मिगेल मला सगळ्यात जवळचा वाटतो. आई आणि आजीबरोबर लहानशा फ्लॅटमध्ये राहणारा, शाळेत मार खाणारा परप्रांतीय पोरगा. त्याच्यामुळे ही सीरिज दोन काकांच्या भांडणापलीकडे जाते. खरा प्रश्न तिथे येतो... दुसरा चान्स नक्की मिळतो कोणाला? जॉनीला मिळाला कारण तो गावातच राहिला आणि डोजोचं भाडं भरण्याएवढे पैसे कुठून तरी आले.

पाथर्डी तालुका राज्यभरच्या साखर कारखान्यांना ऊसतोड मजूर पुरवतो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी सामान बांधायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. कारखान्याच्या तळावर झोपडी, पहाटे फड, पाच-सहा महिने, मार्च-एप्रिलपर्यंत. आणि कॅलेंडर बघा, मोहट्याचा हगामा नेमका याच उंबरठ्यावर येतो. जिंकलेला सोळा वर्षांचा पोरगा फेटा उतरवतो, नि त्यानंतर पंधरा दिवसांत तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असू शकतो. कोल्हापूरच्या दिशेनेच! ज्या कोल्हापूरच्या तालमीत राहायला मिळावं असं अख्ख्या महाराष्ट्रातल्या पैलवानाला वाटतं, जिथे १९१२पासून खासबागेचं मैदान आहे, त्याच जिल्ह्यातल्या उसात. तालीम हाकेवर, आणि हा मोळ्या वाहतोय. (कुस्तीत ‘मोळी’ नावाचा एक डाव आहे. असो.)

मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असते, पुस्तकं-जेवण मिळतं. पण पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि कोणीतरी रोज पहाटे उठवणारं. हा खर्च सरकारी ताटात बसत नाही आणि उचलीतूनही निघत नाही. मिगेलसारखा पोरगा इथेही आहे, रेवडीवरून शंभरावर आणि शंभरावरून हजारावर गेलेला. त्याचा दुसरा सीझन पैशांअभावी अडतो, एवढंच.

हे पडद्यावर कोणी आणलंच नाही असं नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडेने स्वतःची जमीन विकून ‘ख्वाडा’ केला. २०१५मध्ये तो थिएटरला लागला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. त्यातला बाळू मेंढपाळाचा पोरगा, कुस्तीचा नाद, आणि घर कायम चालतं, एका जागी ठरत नाही. बघितला नसेल तर बघा. मेंढरं काढून तिथे कोयता ठेवलात तर पाथर्डी होते. एखाद्या प्लॅटफॉर्मने त्याचे पासष्ट एपिसोड करावेत, मी सबस्क्रिप्शन भरीन.

मुलींचं सांगायचं राहिलंच. ‘कोब्रा काय’च्या सॅम आणि टोरी मुलांपेक्षा जास्त जीव खाऊन लढतात. नगर जिल्ह्यात हे फक्त सीरिजमध्ये घडत नाही. २०२५च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला महिला महाराष्ट्र केसरी झाली ती भाग्यश्री फंड, श्रीगोंद्याची. जिल्ह्यातल्या हगाम्यांत मुलींच्या जोडी लागायला लागल्यात आणि तेव्हा हलगीवाला जरा जास्तच जोरात वाजवतो.

तर जायचं असेल तर द्वादशीची तारीख आधी पंचांगात बघा, दर वर्षी बदलते. नगरला मुक्काम करा किंवा पहाटे पुणं सोडा. घाटात गर्दी असते. गाडी डोंगराखाली लावा. पांढरे शूज नकोत. दर्शन सकाळी उरका, दुपारी मैदानाकडे जा, आणि कड्याची पहिली रांग मोकळी दिसली तरी तिथे बसू नका. ती रेवडीवाल्या पोरांची आहे. आपली कुस्ती झाल्यावर ती तिथेच मातीने माखलेली बसतात आणि थोरल्यांचे डाव बोटांनी हवेत करून बघतात.