वडखळ नाक्यावरचे गाठोडे

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला अलिबागचा फाटा फुटतो तो वडखळला. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने वडखळ पाहिलेले असते, आणि खरे म्हणजे कोणीच पाहिलेले नसते! चहा, वडा, पेणचे पापड, खाडीवरून येणारा खारट वारा, की निघाली मंडळी पुढे. आम्हीही तसेच निघालो असतो. पण सौभाग्यवतींना नाक्यावर चादरींचे दुकान दिसले.

दुकानदार सिंधी, बोलणे मात्र अस्सल कोल्हापुरी. गाठोड्यावर ‘गांधीनगर, जि. कोल्हापूर’ अशी अक्षरे पाहून मी सहज म्हणालो, “म्हणजे वळिवड्याच्या छावणीतला माल!”

तो चमकला. “साहेब, छावणीचं नाव आता कोण घेतंय? फाळणीनंतर आमच्या आजोबांस्नी तिथंच खोली मिळाली. आधी त्यात गोरे लोक ऱ्हात होते म्हणं. ते कोण हो?”

मास्तराला असा प्रश्न विचारू नये! मी बाकड्यावर बसूनच सांगू लागलो.

ते गोरे म्हणजे पोलंडचे निर्वासित. १९४० च्या फेब्रुवारीपासून रशियनांनी पूर्व पोलंडातली कुटुंबेच्या कुटुंबे घरातून उठवली, मालगाडीच्या डब्यांत कोंबली आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. तेथे लाकूडतोड, थंडी, उपासमार, रोगराई. १९४१ साली हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. इराणमार्गे भटकत त्यांतले सुमारे ५००० जण १९४३ पासून वळिवड्याला आले. बहुतेक बायका आणि मुले. पुरुष एकतर सैन्यात, नाहीतर मातीत.

छावणी म्हटले की काटेरी तारा डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते. बराकींपुढे बायकांनी फुलझाडेसुद्धा लावली. मला या फुलझाडांचेच नवल वाटते. ज्यांना आज ना उद्या परत जायचे, त्यांनी झाडे लावावी! पण १९४५ साली लढाई संपली, विजयी राष्ट्रांनी नकाशावर नवी रेघ ओढली आणि त्यांची गावेच रशियात गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडे पोलंडला. एक मुलगी तेवढी कोल्हापूरची सून होऊन राहिली. आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली माणसे उतरली.

दुकानदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्या खोलीच्या चौकटीवर चाकूच्या खुणा होत्या. पोरांची उंची मोजलेल्या. आजीनं त्या कधी तासू दिल्या न्हाईत. आमच्या बापाची उंची तिनं त्यांच्याच शेजारी मोजली.”

मग तो चादरी उलगडू लागला. सौभाग्यवतींनी दोनाऐवजी तीन घेतल्या, आणि आश्चर्य म्हणजे, भाव केला नाही.