ज्यांची हजेरी लागत नाही

विरार मागे पडले, वैतरणा खाडीवरचा पूल ओलांडला की मुंबईचा गजबजाट संपतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. पूर्वी या पट्ट्याला शटल गाड्यांचाच आधार होता. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. तारापूरचे अणुवीज केंद्र तर १९६९ पासून साऱ्या देशाला ठाऊक आहे.

सकाळी बोईसर स्टेशनाबाहेर उभे राहिले की माणसांच्या दोन रांगा दिसतात. एक रांग एमआयडीसीच्या कारखान्यांकडे जाते. दुसरी रांग बायकांची. हातात लहानशी पिशवी, पायात झिजलेली चप्पल, आणि वाट इमारतींच्या दिशेची. पुष्कळदा या दोन रांगांतली माणसे एकाच घरातली, नवरा आणि बायको असतात. नवरा कारखान्यात कायम असेल तर त्याला हजेरी कार्ड आहे, आठवड्याची सुट्टी आहे, फंड आहे. बायको मात्र कामगार म्हणून कुठल्याच वहीत नाही.

आम्ही काही कार्यकर्ते एका रविवारी या भगिनींना भेटण्यासाठी बोईसरला गेलो. त्या दुपारी तीननंतर जमल्या, कारण रविवारी मालकांकडे पाहुणे असतात आणि भांडी दुप्पट पडतात. कारकुनी सवयीप्रमाणे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन एका ताईंचा दिवस मांडला. चार घरे, प्रत्येक घरी धुणे, भांडी, केर, फरशी मिळून दीड तास. झाले सहा तास. घर ते काम आणि काम ते घर अशी पायपीट दोन तास. म्हणजे आठ तासांची पुरी पाळी झाली. पण चारही घरांचे म्हणणे एकच, "बाई थोडा वेळच तर येते." पोर तापाने फणफणले म्हणून दोन दिवस घरी राहिले की खाडे कापतात. कारखान्यातल्या माणसाला वर्षाला ५२ साप्ताहिक सुट्ट्या असतात. या ताईंच्या वाट्याला हक्काची एकही नाही.

दुसऱ्या एक मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, घरातली समदी भांडी माझ्या हातची चालतात. पण मी चहा प्यायलेला कप चालत नाही. तो खिडकीत येगळा ठेवलेला असतो." यावर आम्ही काय बोलणार?

हा मुलूख घरकामाची गुलामी जुन्या काळापासून ओळखतो. डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा आदिवासी 'लग्नगडी' होत असे. तो आणि त्याची बायको, दोघांनीही सावकाराच्या घरी व शेतावर राबायचे. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि ही वेठ मोडली. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला. पण आजही अडीनडीला मालकिणीकडून उचल घेतलेली बाई ती फिटेपर्यंत काम सोडू शकत नाही. नाव बदलले, पण गाठ तीच राहिली.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची पावले पडली आणि १९४६ साली तसा कायदा झाला. पण घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून घरकामगार बाहेरच राहिली.

आता दूर फिलिपिन्सकडे पाहू. तिथल्या लाखो बाया हाँगकाँग, सिंगापूर आणि आखाती देशांत घरकाम करतात. त्यांचे हाल आपल्या भगिनींपेक्षा कमी नाहीत. आखातात पासपोर्ट काढून घेणारे मालक आहेत. हाँगकाँगमध्ये मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे. १९९५ साली फ्लोर कोन्टेम्प्लासियॉन या फिलिपिनो घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये फाशी झाली, तेव्हा त्यांचा देश पेटून उठला आणि त्याच वर्षी सरकारला परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी कायदा करावा लागला. हाँगकाँगमध्ये त्यांना छापील करार आणि आठवड्याची सुट्टी आहे. रविवारी शहराच्या मध्यभागी फुटपाथवर पुठ्ठे अंथरून त्या हजारोंनी एकत्र बसतात. एकत्र बसतात म्हणून संघटना उभ्या राहतात. १६ जून २०११ रोजी जिनिव्हाला घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. फिलिपिन्सने २०१२ साली तो स्वीकारला आणि २०१३ साली देशातल्या घरकामगारांसाठीही लेखी करार, किमान वेतन व आठवड्याची सुट्टी देणारा कायदा केला. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण तो स्वीकारलेला नाही.

आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी आहे, पण पगार आणि सुट्टीचा हक्क नाही. २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणे गुन्हा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरसुद्धा कामाचे ठिकाण धरले आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. हे किती जणींना ठाऊक आहे? आम्ही विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

आता एक कडू गोष्ट. शिकून नोकरीला लागलेली आपलीही कुटुंबे आज फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथेही बाई येते. तिला महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आपण देतो का? तिचा कप आपल्या कपांबरोबर ठेवतो का? कायदा येईल तेव्हा येईल. एवढे करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि काम करणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे असे की एक लहान वही करा. कोणत्या घरी, किती तास, किती पगार, किती उचल, हे मुलांकडून रोज लिहून घ्या. कामगार कार्यालयात नोंदणीला एकटीने जाऊ नका, दहा जणी मिळून जा. बोईसरच्या बैठकीतल्या सहा जणींनी त्याच संध्याकाळी मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून अशी वही तयार केली.